काळ्या काचेचा हिशेब

स्वच्छ आकाश असताना भर दुपारी जमिनीवर साधारण १,००,००० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) उजेड पडतो. घरात ट्यूबलाइटखाली वाचायला बसलं की पुस्तकाच्या पानावर ३०० ते ५०० लक्स असतात. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सही धड नसतो. या तिन्ही ठिकाणी माणसाला दिसतं. चांदण्यात पायवाट सापडते, ट्यूबलाइटखाली बारीक टाइप वाचता येतो, उन्हात समोरून कोण येतंय ते ओळखता येतं. डोळ्याची ही ताकद पाहिली की काळ्या काचेची गरजच काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. या पुस्तिकेची सुरुवात मी याच प्रश्नापासून करतो आहे.

उजेड वाढला की बाहुली आकसते, कमी झाला की पसरते. तिचा व्यास साधारण २ ते ८ मिलिमीटरच्या दरम्यान बदलतो, म्हणजे तिच्या क्षेत्रफळात फरक पडतो तो फार तर १६ पट. चांदणं आणि ऊन यांच्यातला फरक काही लाख पटींचा आहे. उरलेलं सगळं डोळ्याचा पडदा आपली संवेदना कमी-जास्त करून सांभाळतो आणि त्याला वेळ लागतो. भर उन्हात बाहुली आधीच आकसलेली असते, तिच्याकडे आणखी आवरायला काही उरत नाही. मग आपण डोळे किलकिले करतो, कपाळाला आठ्या घालतो, हात आडवा धरतो. काळी काच या ठिकाणी कामाला येते. डोळ्याचं स्वतःचं आवरण्याचं साधन संपतं, तिथून पुढे ती उजेड कमी करते.

कमी करते म्हणजे नेमकं काय करते, हा या पुस्तिकेचा विषय. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं आणि पुढची सगळी प्रकरणं त्या वाक्याचाच विस्तार आहेत. साधी रंगीत काच उजेडातून ठरावीक रक्कम वजा करत नाही, ती त्याचा ठरावीक हिस्सा शिल्लक ठेवते. १५ टक्के उजेड सोडणारा गॉगल एक लाखाचे पंधरा हजार करतो, हजाराचे दीडशे करतो आणि दहाचा दीड करतो. हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. पण गॉगलबद्दलचे बहुतेक गैरसमज, आणि काही धोकेही, तो लक्षात न घेतल्यामुळे होतात.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ती पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर तो नौकानयनाचं शास्त्र शिकवत असे. उजेड मोजणारं कुठलंही यंत्र तेव्हा नव्हतं. दोन उजेड शेजारी-शेजारी पाडून ते सारखे दिसतात की नाही, एवढंच डोळा खात्रीने सांगू शकतो हे त्याने ओळखलं आणि मेणबत्तीची ज्योत मध्यस्थ धरून सूर्य व चंद्राची तुलना केली. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे तीन लाख पट तेजस्वी आहे, असा त्याचा अंदाज निघाला. आजचा आकडा चार लाखांच्या आसपास आहे. मेणबत्ती हाताशी धरून एवढ्या जवळ पोचणं ही केवढी मोठी गोष्ट! १७२९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने सांगितलं की पारदर्शक पदार्थाचे सारख्या जाडीचे थर उजेडाची सारखी रक्कम खात नाहीत, सारखं प्रमाण खातात. पहिल्या मिलिमीटरने निम्मा उजेड ठेवला तर दुसरा मिलिमीटर उरलेल्याच्या निम्मा ठेवतो, म्हणजे पाव. तिसरा त्याच्या निम्मा. उजेड घटत जातो, पण शून्य कधीच होत नाही. पुढे १७६० मध्ये योहान लॅम्बर्टने याला गणिताचं रूप दिलं आणि १८५२ मध्ये ऑगस्ट बीअरने तो नियम रंगीत द्रावणांना लावला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी हा नियम ‘बीअर-लॅम्बर्ट’ म्हणून शिकतात. बुगेरचं नाव त्यात राहिलं नाही याची मला हळहळ वाटते.

उरलेला उजेड जातो कुठे? काचेत किंवा प्लॅस्टिकमध्ये रंगाचे रेणू किंवा लोह, कोबाल्ट, निकेल अशा धातूंचे आयन विखुरलेले असतात. प्रकाशाची ऊर्जा त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर ढकलते आणि ती ऊर्जा लगेचच आजूबाजूच्या कणांच्या थरथरीत, म्हणजे उष्णतेत, विरून जाते. काच त्याने किंचित तापते. पण दृश्य प्रकाशापुरतं बोलायचं तर, थेट सूर्यासमोर धरलेल्या एका भिंगात एक वॅटसुद्धा जमा होत नाही, आणि तेवढी उष्णता वारा सहज घेऊन जातो. रंग नसलेली काचही थोडा उजेड अडवते, पण परावर्तनाने. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड मागे फिरतो, म्हणून साध्या नंबरच्या चष्म्यातून ९२ टक्क्यांच्या आसपासच उजेड आत येतो.

बुगेरचा नियम चष्म्याच्या धंद्यात कसा रोज अनुभवाला येतो, हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. पूर्वी रंग काचेच्या रसातच मिसळलेला असे. अशा काचेतून नंबरचं भिंग घासलं की पंचाईत व्हायची. प्लस नंबरचं भिंग मध्ये जाड असतं, म्हणून मध्यभागी गडद दिसायचं. मायनस नंबरचं कडेला जाड, म्हणून कडा काळ्या आणि मधला भाग फिका. नंबर जितका मोठा, तितका हा दोष ठळक. आज बरीच भिंगं सीआर-३९ या प्लॅस्टिकची असतात. अमेरिकेत १९४० च्या दशकात तयार झालेलं हे रेझिन. एका मालिकेत तयार केलेल्या रेझिनांतलं ते ३९ वं, म्हणून हे नाव. रंग नसलेलं तयार भिंग उकळत्याच्या जरा खालच्या तापमानाच्या रंगीत पाण्यात बुडवतात. रंग फक्त पृष्ठभागाच्या पातळ थरात मुरतो. थराची जाडी सगळीकडे सारखी, म्हणून भिंग जाड असो की पातळ, छटा एकसारखी येते. जास्त वेळ बुडवलं की जास्त गडद. भिंग उलटं धरून हळूहळू वर ओढत नेलं की वर काळसर आणि खाली फिकं होत जाणारं ‘ग्रेडियंट’ भिंग मिळतं. कारागीर भिंग मधूनमधून बाहेर काढतो, पुसतो, पांढऱ्या कागदावर धरून नमुन्याच्या भिंगाशी ताडून पाहतो आणि पुन्हा बुडवतो. बुगेरची पद्धतही दोन उजेड शेजारी ठेवून पाहण्याचीच होती.

गॉगलमागचे डोळे समोरच्याला दिसत नाहीत, पण गॉगलवाल्याला समोरचं सगळं दिसतं, हे कसं? काच तर दोन्ही बाजूंनी सारखीच आहे. बाहेरचा उजेड काचेतून एकदा आत येतो, तेव्हा १५ टक्के उरतो. तो डोळ्यावर, पापण्यांवर पडून परत बाहेर यायचा तर तीच काच पुन्हा ओलांडायची. पंधरा टक्क्यांचे पंधरा टक्के म्हणजे सव्वादोन टक्के. त्यातही काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून आकाशाचा ४ टक्के उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातोच. त्या झगमगीत डोळ्यांचा सव्वादोन टक्के हरवतो. याच हिशेबाची उलट बाजू गॉगल घालणाऱ्याला छळते. सूर्य पाठीशी असला की काचेच्या आतल्या बाजूवर स्वतःच्याच पापण्या आणि गालाची कड दिसू लागते. मागून आलेल्या उजेडाचा ४ टक्के हिस्सा साध्या चष्म्यातही परत फिरतो, पण तिथे समोरून ९२ टक्के येत असल्याने तो जाणवत नाही. समोरचा उजेड १५ टक्क्यांवर आला की हे चार टक्के डोळ्यांत भरतात.

आता डोळ्याला काय वाटतं ते पाहू. उजेड साधारण सातव्या हिश्श्यावर आला तर जग सातपट काळोखं दिसायला हवं. तसं होत नाही, साधारण निम्म्यावर आल्यासारखं वाटतं आणि काही मिनिटांत तेही वाटेनासं होतं. डोळा रकमा मोजत नाही, तोही प्रमाणंच पाहतो. पांढरा सदरा आणि काळी छत्री यांच्यातलं गुणोत्तर गॉगलमधून पाहिलं तरी तेच राहतं, म्हणून दृश्य ओळखीचंच राहतं. गॉगलमुळे दृश्य न बिघडता आराम कसा मिळतो, याचं उत्तर मला इथेच सापडतं.

गुणोत्तर तेच राहतं, हा गुण जसा आहे तसा दोषही आहे. ओल्या डांबरी रस्त्यावरची तिरीप रस्त्याच्या वीसपट झगझगीत असेल, तर साध्या रंगीत काचेतूनही ती वीसपटच राहते. दोन्ही खाली येतात एवढंच. ती तिरीप वेगळी काढून अडवायची तर पोलराइज्ड काच लागते. आडव्या पृष्ठभागावरून उसळलेल्या प्रकाशाची कंपनं मुख्यतः आडव्या दिशेत असतात आणि तेवढीच अडवणारी पातळ फिल्म एडविन लँडने १९२९ मध्ये शोधली. त्या काचेचं प्रकरण स्वतंत्र आहे. साध्या रंगीत काचेकडून तिच्या कामाची अपेक्षा धरायची नाही, एवढं इथे पुरे.

रात्री गाडी चालवणाऱ्याला मात्र हे आत्ताच सांगितलं पाहिजे. घाटात समोरून येणाऱ्या ट्रकच्या हेडलाइटने डोळे दिपतात म्हणून कित्येक जण रात्री पिवळा किंवा फिका काळा चष्मा लावतात. हेडलाइट थोडा मंद होतो, बरं वाटतं. पण रस्त्याच्या कडेने काळ्या घोंगडीत चालणारा माणूस जेमतेम दिसण्याइतका उजळ होता, तोही त्याच पटीत मंदावतो आणि दिसण्याच्या मर्यादेखाली जातो. दिपवणारा दिवा आणि तो माणूस यांच्यातलं प्रमाण जसंच्या तसं, माणूस मात्र गायब. दिवसाही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून भाताणच्या किंवा माडपच्या बोगद्यात शिरताना गॉगल डोळ्यांवर असेल, तर आधीच कमी झालेल्या उजेडाचा सातवा भाग हाती येतो आणि पडद्याला सावरायला वेळ मिळत नाही. आयएसओ १२३१२-१ या मानकात गॉगलचे ० ते ४ असे वर्ग केले आहेत. नेहमीचा गडद गॉगल तिसऱ्या वर्गातला, ८ ते १८ टक्के उजेड सोडणारा. चौथा वर्ग ३ ते ८ टक्के सोडतो. तो बर्फाळ पहाडांसाठी आहे, तो लावून गाडी चालवायचीच नाही.

इथवर उजेड म्हणजे दिसणारा उजेड, असं धरून चाललो. सूर्याकडून न दिसणारंही येतं आणि गॉगलच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. काचेत शिल्लक राहणारा हिस्सा प्रत्येक तरंगलांबीला वेगळा असतो. दृश्य उजेडाचे १५ टक्के सोडणारी काच अतिनील किरणांचे किती टक्के सोडेल, हे तिच्या काळेपणावरून कळत नाही. विल्यम क्रुक्स या शास्त्रज्ञाने हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं. भट्टीसमोर काम करणाऱ्या काच-कामगारांना मोतीबिंदू होतो, म्हणून त्यांच्यासाठी चष्मा शोधायचं काम त्याने अंगावर घेतलं, वेगवेगळे धातू घालून तीनशेहून अधिक काचा बनवून तपासल्या आणि १९१३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडले. सेरियम घातलेल्या काही काचा जवळजवळ बिनरंगी असूनही अतिनील किरण अडवत होत्या.

हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवा अनेक दुकानांत असतो. त्याखाली नोटेवरचे नंबर आणि बारीक तंतू चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये पॉलिकार्बोनेटचं स्वच्छ, बिनरंगी भिंग धरलं की ती चमक विझते, कारण ते प्लॅस्टिक मुळातच अतिनील किरण गिळतं. मग गॉगलचं काळं भिंग धरून पाहावं. त्यातून चमक आरपार दिसत राहिली, तर ते भिंग कितीही काळं असलं तरी डोळ्याचं रक्षण करत नाही. असा गॉगल न घालण्यापेक्षा वाईट ठरू शकतो. काळोख्या काचेमागे बाहुली पसरते, डोळे किलकिले करायची सवयही सुटते आणि दार मोकळं होतं. पसरलेल्या बाहुलीतून अतिनील किरण डोळ्यातल्या भिंगापर्यंत जास्त पोचतात. काळेपणा आरामासाठी, अतिनीलरोध आरोग्यासाठी. दोन्ही एकाच भिंगात असतील तेव्हाच तो गॉगल. दुकानात ‘यूव्ही ४००’, म्हणजे अतिनील किरण अडवणारं भिंग, विचारायचं ते यासाठी.

मोतीबिंदूच्या शिबिरानंतर ओळीने बसलेले, काळे-हिरवे चष्मे लावलेले आजी-आजोबा महाराष्ट्रात कुणी पाहिले नाहीत? त्या चष्म्यामागे दोन कारणं आहेत. थेंब घालून बाहुली मोठी केलेली असते हे एक. दुसरं असं की वयाबरोबर पिवळं पडलेलं नैसर्गिक भिंग वर्षानुवर्षं निळा-जांभळा उजेड गाळत असतं. ते काढलं की सगळा उजेड एकदम आत येतो आणि पांढरी भिंत निळसर वाटते. चित्रकार क्लोद मोने याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, तेव्हा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची सोय नव्हती. त्याला रंग निळे दिसू लागले आणि रंगीत काचांचे चष्मे लावून पाहावे लागले. आता बसवतात त्या भिंगांतच अतिनील किरण अडवायची तजवीज असते, तरी ते पहिले काही दिवस काळा चष्मा हवाच.

ग्रहणाचा विषय याच ओघात येतो. २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, राजस्थान-उत्तर प्रदेशात खग्रास आणि आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण झालं. दर ग्रहणाला गॉगल लावून सूर्याकडे पाहणारे निघतात. वेल्डिंगच्या काचेचे नंबर माहीत असतील तर यातला धोका आकड्यांत दिसतो. तिथे दर नंबराला उजेड आधीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. सूर्याकडे पाहायला चालते ती १४ नंबरची काच, जी दहा लाख भागांतले तीन भागही सोडत नाही. नेहमीचा गडद गॉगल या मोजपट्टीवर जेमतेम ३ नंबरचा भरतो, एकावर एक दोन घातले तरी ५ नंबरच्या आतच. सात गॉगल एकावर एक चढवले तर दिसणाऱ्या उजेडापुरतं १४ नंबरपर्यंत पोचता येईल, पण अवरक्त किरणांचं काय होईल ते त्या रंगांवर अवलंबून. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे पडदा भाजला तरी त्या क्षणी कुणी नजर बाजूला घ्यायला लावत नाही.

फोटोक्रोमॅटिक काचेबद्दल जाता जाता. कॉर्निंग या कंपनीने १९६४ च्या सुमारास तयार केलेली ही काच उन्हात आपोआप काळी होते. तिला काळं करतात ते अतिनील किरण, आणि गाडीची पुढची काच ते अडवते. म्हणून गाडीत बसल्यावर ती फिकीच राहते. शिवाय गरमीत तिचा काळेपणा लवकर उतरतो. ज्या मे महिन्यात विदर्भात तिची सगळ्यात जास्त गरज, तेव्हा ती महाबळेश्वरच्या थंडीतल्याइतकी गडद होत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत, सांगायला हवं.

मला ही पुस्तिका लिहाविशी वाटली ती उन्हात पोट भरणाऱ्यांसाठी. गॉगल म्हणजे शायनिंग, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांनी तो लावला तर लोक हसतात. मिठागरात काम करणाऱ्यावर ऊन वरून पडतं आणि पांढऱ्या मिठावरून उसळून खालूनही येतं. वाळूवरून सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फिरतात, समुद्राच्या फेसावरून २५, ताज्या बर्फावरून तर ८० पर्यंत. अशा जागी वर्षं काढणाऱ्यांच्या डोळ्यांत, बहुधा नाकाच्या बाजूने, बुबुळावर सरकणारी मांसाची पातळ पापुद्र्यासारखी वाढ दिसते. कानाच्या बाजूने तिरका आलेला उजेड डोळ्याच्या पारदर्शक पुढच्या भागातून वळतो आणि नेमका नाकाकडच्या कडेवर गोळा होतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणजे समोरची काच कितीही चांगली असली तरी बाजूने मोकळी असेल, तर काम अर्धवटच. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेलिग हेक्ट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दिवसभर किनाऱ्यावरच्या उन्हात राहिलेल्यांचे डोळे रात्रीच्या अंधाराला उशिरा सरावतात, आणि गडद चष्मा लावणाऱ्यांचं तसं होत नाही. दिवसा जाळी सांधून रात्री समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याला, दुपारची फेरी संपवून रात्रीची धरणाऱ्या एसटी ड्रायव्हरला हे कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा कुणी काय घ्यावं, ते सरळ लिहितो. मिठागर, किनारा, चौक, शेत अशा ठिकाणी तिसऱ्या वर्गाची, राखी रंगाची, यूव्ही ४०० लिहिलेली आणि कानाकडून झाकणारी पॉलिकार्बोनेटची काच. राखी यासाठी की ती सगळे रंग जवळजवळ सारख्याच हिश्श्याने कमी करते आणि सिग्नलचा लाल-हिरवा बदलत नाही. तपकिरी आणि हिरवी काचही चालते. निळी किंवा गुलाबी उन्हात कामाला नको. हिमालयात बर्फावर जाणार असाल तर चौथा वर्ग, बाजू बंद. गाडी चालवताना फार तर तिसरा आणि सूर्य मावळला की चष्मा पेटीत. लहान मुलांना खेळण्यातला काळा चष्मा डोळ्यांवर देऊ नये. त्यांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा स्वच्छ असतं आणि अतिनील किरण त्यातून जास्त आत जातात. किमतीचा या सगळ्याशी संबंध फार थोडा आहे. रस्त्यावरचा स्वस्त गॉगल पॉलिकार्बोनेटचा असेल तर जांभळ्या दिव्याच्या परीक्षेत तो महागड्या फ्रेमच्या बरोबरीने उतरू शकतो, आणि ती परीक्षा घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा दिवा दोन मिनिटं मागून घेतला की झालं.